बांधाच्या कोरड्या अंगाला

हिल्का ताक्कुनेनने नवऱ्याला लुम्मे तळ्यात बुडवला आणि आता दर पंधरा दिवसांनी दोरीला पांढरी थाळी बांधून ती त्याला शोधायला जाते, अशी बातमी आमच्या गावात गेली कित्येक वर्षं फिरते आहे. दुकानात कॉफीच्या टेबलाशी बसणारे तपशीलही पुरवतात. थाळी लग्नातली आहे. तो तिच्यातच जेवायचा, म्हणून पाण्याखालूनही ओळखेल. कोणी म्हणतं, थाळी सोडताना ती पुटपुटते. कोणी म्हणतं, पुटपुटत नाही, मोजते. आता एकच माणूस बुडवला असेल तर मोजायचं काय, ते ज्याने त्याने ठरवावं.

खरी गोष्ट अशी की नवरा, ओन्नी, जिवंत आहे, ठणठणीत आहे आणि कुओपियोत एका दातांच्या डॉक्टरणीबरोबर राहतो. नाताळला कार्ड पाठवतो. थाळी लग्नातली नाही, ती पत्र्याची दीड वीत रुंद चकती आहे, पांढऱ्या रंगात रंगवलेली. दोरीला दर दहा सेंटिमीटरवर गाठ. चकती पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की थांबायचं, गाठी मोजायच्या. पाणी किती नितळ आहे ते त्यावरून कळतं. पुटपुटते हे मात्र खरं. गाठी मोजून झाल्या की ती "आता उलटते, आता उलटते" असं म्हणत राहते, कारण तिला पोहता येत नाही आणि होडीत बसल्याशिवाय चकती सोडता येत नाही.

हिल्काला कशाची भीती वाटते हे विचारण्यापेक्षा कशाची वाटत नाही हे विचारावं, म्हणजे वेळ वाचतो. कॉफीचं यंत्र बंद केलं का हे बघायला ती अर्ध्या वाटेतून दोनदा परत येते. तळ्यावरचा बर्फ माणसाचं वजन पेलेल का, हे दुकानात फोन करून विचारते. "चाळीस सेंटिमीटर आहे, हिल्का, त्यावरून लाकडांचा ट्रक जातो," असं उत्तर मिळतं. ती आभार मानते आणि तळ्याला वळसा घालून रस्त्याने जाते. एकदा तिच्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, धुराड्यातून एक ठिणगी उडाली. त्या उन्हाळाभर ती दारात पाण्याच्या सहा बादल्या भरून ठेवायची, आणि बादल्यांना अडखळून कोणी पडेल म्हणून बादल्यांवर दिवा लावायची.

हीच बाई सोळाव्या वर्षी कशालाही भीत नव्हती, हे सांगितलं तर लोक हसतात. १९७१ चा उन्हाळा. दलदल सुकवा, चर खणा, लाकूड वाढवा, असा वरून हुकूम आला होता, आणि हिल्काला सुट्टीतलं काम मिळालं. लाल-पांढऱ्या काठ्या खांद्यावर टाकून मोजणीदाराच्या पुढे चालायचं आणि तो "थांब" म्हणेल तिथे काठी रोवायची. मागून खोदायचं यंत्र यायचं आणि काठीपासून काठीपर्यंत सरळ रेघेत चर पाडत जायचं. काळं पाणी कमरेपर्यंत असायचं, त्यात ती बेधडक उतरायची. संध्याकाळी मोजणीदार म्हणायचा, "या पोरीला सापसुद्धा बिचकतात." तिने तीन महिन्यांत किती काठ्या रोवल्या ते तिला आजही आठवतं. आकडा ती सांगत नाही.

त्या चरांनी दलदल सुकवली खरी. पण दर वसंतात वितळलेल्या बर्फाचं पाणी त्यांतून सुसाट धावायला लागलं, आणि धावताना काठ खरवडून बारीक वाळू, कुजलेला पालापाचोळा, जे हाताला लागेल ते घेऊन तळ्यात टाकू लागलं. आधी धक्क्यावर उभं राहिलं की चार मीटर खालचे दगड आणि त्यांच्यातले मासे दिसायचे. मग पाणी चहाचं झालं. मग कॉफीचं. तळाच्या खडीवर गाळाची गोधडी चढली. मुइक्कू नावाचा बोटभर रुपेरी मासा, जो राय नावाच्या धान्याच्या पिठात घोळवून लोण्यात तळला की माणूस बोलणं विसरतो, तो याच खडीवर शरद ऋतूत अंडी घालायचा. अंडी तिथे बर्फाखाली सबंध हिवाळा पडून असतात, आणि मे महिन्यात बर्फ फुटतो तेव्हा त्यांतून पिल्लं निघतात. गाळाखाली ती गुदमरली. तीस वर्षं आमच्या तळ्यात मुइक्कू नव्हता.

सात वर्षांपूर्वी हिल्काने जुन्या शाळेत गावाला बोलावलं. उभं राहायचा धीर झाला नाही म्हणून ती बसूनच बोलली. म्हणाली, चर जागोजागी बुजवू या, उरलेल्यांत फांद्यांचे भारे घालू या, आणि ओढा तळ्याला मिळतो त्याच्या वरच्या अंगाला बांध घालून एक गाळतळं करू या. पाणी तिथे थबकेल, गाळ खाली बसेल, वरचं पाणी सांडव्यावरून पुढे जाईल.

कॉफी ओतली गेली.

"बांधता येईल," रेइनो पोल्लानेन म्हणाला. हा गावातला शेवटचा जाळंवाला, चौऱ्याहत्तरचा, गुडघ्याने अधू. "तसं न बांधताही राहता येईल. आजवर राहिलोच."

"माझा विरोध नाही," हिल्काची शेजारीण मार्ता म्हणाली. "म्हणजे होकार आहे असंही नाही. मी इथे बसलेय, एवढं लिहा."

आमच्या सावो प्रांतातल्या माणसाने तोंड उघडलं की जबाबदारी ऐकणाऱ्यावर, असं बाहेरचे लोक आमच्याबद्दल म्हणतात. खोटं म्हणवत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची आमची रीत, आणि भांडं दिसलं तरी ते दुसऱ्याचं असेल असं म्हणायची. दुसऱ्याच्या कामात सरळ बोट घालणं म्हणजे त्याच्या घरात बूट घालून शिरण्यासारखं. हिल्का त्या दिवशी घरी जाऊन रडली. सकाळी दार उघडते तो अंगणात एकोणीस माणसं फावडी घेऊन उभी. कोणीच हो म्हटलेलं नव्हतं, पण तालकोत ठरली की ठरली. तालकोत म्हणजे गावाने मिळून केलेलं काम, शेवटी सूप आणि गरम सौना, हिशेब कसला नाही.

दोन उन्हाळ्यांत गाळतळं उभं राहिलं. मातीचा बांध, मधोमध लाकडी सांडवा, त्याच्या खाचांत एकावर एक बसवलेल्या फळ्या. पहिल्या वर्षी चकती नवव्या गाठीला दिसेनाशी व्हायची. गेल्या शरदात अठराव्या गाठीपर्यंत दिसली. आणि ऑक्टोबरच्या शेवटी रेइनो हिल्काच्या दारात आला, बादली खाली ठेवली आणि म्हणाला, "मांजराला होईल काहीतरी."

बादलीत चार मुइक्कू होते. हिल्काने एकीचं पोट हलकं दाबलं. पिवळट अंडी बोटांवर आली.

आनंदाने ती खुर्चीत बसली, आणि बसल्या बसल्या तिचं धाबं दणाणलं.

कारण हिशेब साधा होता. बांध नसता तर गाळ वर्षभर थोडा थोडा तळ्यात गेला असता. बांधाने पाच वर्षांचा गाळ एका जागी धरून ठेवला होता, कधी उपसलाच नव्हता. आता अंडी खडीवर होती, मेपर्यंत हलणार नव्हती. वसंताच्या लोंढ्यात बांध फुटला तर पाच वर्षांचा गाळ एका तासात त्यांच्या अंगावर. मग मुइक्कू पुन्हा येण्याची वाट कोणी बघायची? रेइनोचं वय काय, तिचं अडुसष्ट. आणि काठ्या रोवणारी ती, बांध घालायला लावणारीही तीच. दोन्ही वेळा तळं मारलं ते एकाच बाईने, असं झालं असतं.

हिवाळाभर तिचा जीव टांगणीला लागला. तिने गावात अकरा वेळा फोन करून लोकांना बांधावर बोलावलं. एकदा बर्फ कडाडल्याचा आवाज आला म्हणून. एकदा बांधावर काळं काहीतरी पडलंय म्हणून, तो ओंडका निघाला. एकदा कोणीतरी बांधावर फेऱ्या मारल्याचे ठसे दिसले म्हणून, ते तिच्याच बुटांचे निघाले. लोक दर वेळी आले, बघितलं, "बांध आहे," एवढं म्हणून गेले. फेब्रुवारीत तिला चक्कर आली आणि तांपेरेहून तिची मुलगी पैवी धावत आली.

"आई, तू असं करत राहिलीस तर बांध टिकेल आणि तू फुटशील."

"मी घाबरत नाही गं. मी लक्ष ठेवते."

"तुझं वजन बावन्न किलो झालंय. आता सकाळी एकदा जायचं, बघायचं, परत यायचं. कोणाला फोन करायचे नाहीत. कबूल?"

हिल्काने कबूल केलं. पैवी जाता जाता घरोघर फोन करून गेली, हे तिला ठाऊक नव्हतं. "आईला घाबरवू नका," एवढंच ती सगळ्यांना म्हणाली. आणि आमचं गाव, जे एरवीच सरळ बोलत नाही, त्याने हे फारच मनावर घेतलं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एकाएकी ऊन पडलं. तीन दिवसांत पारा पंधरावर. कमरेइतकं बर्फ जंगलात पडलेलं, ते सगळं एकदम पाणी व्हायला लागलं. रस्ता आमच्याकडे त्या दिवसांत शिऱ्यासारखा होतो, जड यंत्र गावात येऊ शकत नाही. ओढा दिवसरात्र घोंघावत होता. हिल्का कबूल केल्याप्रमाणे सकाळी एकदाच जायची. बांधाच्या माथ्यावर उभी राहून, एका बर्चच्या खोडाला धरून, ती गाळतळ्याची पातळी बघायची. पाणी फळ्यांवरून सांडत होतं, माथ्याच्या दोन वीत खाली होतं. दोन वीत, म्हणजे ठीक. खालच्या, कोरड्या अंगाच्या उतारावर अजून बर्फ होतं, घसरडं. तिकडे उतरायची तिची छाती झाली नाही. ती परत यायची आणि फोनकडे न बघता बसायची.

मंगळवारी दुकानात रेइनो भेटला. पावाच्या रॅककडे बघत म्हणाला, "कोल्हा फिरतो म्हणे बांधावर. खालच्या बाजूने. पाय भिजवून फिरतो की न भिजवता, ते कोल्ह्यालाच माहीत."

"या दिवसांत सगळेच पाय भिजवतात," हिल्का म्हणाली. तिला स्वतःचं कौतुक वाटलं. कोल्ह्याचं नाव काढलं आणि ती घाबरली नाही.

बुधवारी मार्ता कुंपणापाशी थांबली. "आमचा मुस्ती आता म्हातारा झाला. कुठेही थांबतो, कुठेही पाणी पितो. काल तुझ्या बांधाच्या त्या अंगाला पीत उभा होता. मी म्हटलं, चल बाबा, मोठं तळं आहे तुला."

"कुत्र्यांचं असंच," हिल्का म्हणाली.

गुरुवारी सकाळी बांधावरून परत आली तर पायरीवर रेइनोचे मांडीपर्यंतचे रबरी बूट ठेवलेले. चिठ्ठी नाही. तिने ते आत घेतले. विसरला असेल म्हातारा.

दुपारी ती बटाटे सोलत होती. खिडकीतून ओढ्याचा आवाज येत होता. सोलता सोलता तिची नजर बुटांवर गेली आणि तिला वाटलं, रेइनो गेल्या चाळीस वर्षांत काहीच विसरलेला नाही. बूट विसरायला त्याला अनवाणी घरी जावं लागलं असतं. मग कोल्हा आठवला. खालच्या बाजूने. मग कुत्रा. त्या अंगाला, पीत उभा. त्या अंगाला तर पाणी असायलाच नको. सुरी तिच्या हातातून बटाट्याच्या सालांत पडली. हिवाळाभर जी भीती तिने घोकली होती ती सगळी खोटी होती, आणि खरी भीती तीन दिवस तिच्या दारात येऊन बसली होती.

ती बूट चढवून, सकाळचा थर्मास सवयीने खांद्याला अडकवून निघाली. अर्धा किलोमीटर. कॉफीचं यंत्र बघायला ती या खेपेस मागे फिरली नाही, एवढ्यावरून काय ते समजा. झाडांखालचं बर्फ पावलागणिक आत जात होतं. पुढे ओढा घोंघावत होता.

बर्चला धरायचं सोडून ती बसली आणि बसल्या बसल्या उतारावरून खाली घसरली. खाली, बांधाच्या पायाशी, बर्फात थाळीएवढं भोक पडलं होतं. त्यातून पाणी येत होतं, आवाज न करता, झऱ्यासारखं. पाझर असतोच मातीच्या बांधाला. गाळतळं बांधताना शहरातून आलेल्या पाणीखात्याच्या तरुणाने तिला दहादा सांगितलं होतं: पाझर नितळ असेल तर झोपा, गढूळ असेल तर पळा. तिने थर्मासचं पांढरं झाकण भोकाखाली धरलं. भरलं. पाणी तांबूस होतं. तांबूस तर इथलं सगळंच पाणी असतं. ती थांबली. झाकणाच्या तळाशी हळूहळू वाळू बसली, बोटाच्या पेराइतकी.

म्हणजे बांध आतून रिकामा होत होता.

पळावंसं वाटलं. तिथेच, पाण्याच्या भाराखाली, ती उभी होती आणि तिच्या डोक्याच्या वर पाच वर्षांचा गाळ होता. पायांनी पळायचं नाकारलं. मग तिने फोन काढला आणि गावात कोणी कधी करत नाही ते केलं.

"रेइनो. बांध आतून पोखरला जातोय. आत्ता ये. फावडं, कुऱ्हाड, खडी."

पलीकडून सवयीने, "हवा कशी आहे तिकडे?"

"रेइनो."

"निघालो."

असे तिने चौदा फोन केले. नमस्कार नाही, हवापाणी नाही, सरळ वार. मार्ताने नंतर सांगितलं, तिला वाटलं कोणीतरी मेलं.

वीस मिनिटांत माणसं आली. रस्त्यावर टाकायची खडी कोपऱ्यावरच्या पेटीत उरलेली होती, ती बर्फावरच्या ढकलगाड्यांवर लादून आणली. रेइनो काठी टेकत उतारावरून खाली आला आणि भोकाकडे बघून म्हणाला, "बुजवायला चिकणमाती हवी."

"बुजवायचं नाही," हिल्का म्हणाली. "बुजवलं तर दुसरीकडून फुटेल. आधी फांद्या, वर खडी. पाणी जाऊ दे, माती थांबू दे." मग ती रेइनोकडे वळली. "तुला माहीत होतं."

"मी सांगितलं होतं."

"तू कोल्ह्याचं सांगितलंस."

"मग कोल्हा काय हवेत चालतो? आणि बूट कशाला ठेवले?"

"बूट," हिल्का म्हणाली. "बांध फुटतोय, आणि बूट."

"पैवीने फोन केला होता," मार्ता खडी ओतत म्हणाली. "घाबरवू नका म्हणाली. आम्ही किती हळूच सांगत होतो, तुला काय सांगू."

फांद्या पडल्या, खडी पडली. पण भोकाची कड सुटतच होती. मघा थाळीएवढं होतं, आता परातीएवढं. वरचा दाब कमी केल्याशिवाय खालचं थांबणार नव्हतं, म्हणजे सांडव्याच्या फळ्या काढायच्या. फळ्यांपर्यंत जायला एकच वाट, सांडव्यावर टाकलेली एक जुनी पट्टी, आणि तिच्याखालून लोंढा. रेइनोने तिच्यावर पाय ठेवला तशी ती कण्हली. त्याने पाय मागे घेतला.

"हलकं माणूस पाहिजे," तो म्हणाला, आणि मुद्दाम दुसरीकडे बघायला लागला.

तिथे चौदा माणसं होती. सगळी हिवाळ्यातली, लोणी खाल्लेली. सगळी दुसरीकडे बघायला लागली.

"माझ्याकडे बघून बोला," हिल्का म्हणाली. "एकदा तरी."

"तू बावन्न किलो आहेस," रेइनो म्हणाला.

तिच्या कमरेला दोरी बांधली. दुसरं टोक मार्ताच्या हातात, मार्ताच्या कमरेला आणखी दोघांचे हात. हिल्का पट्टीवर उभी राहिली नाही. पोटावर आडवी झाली आणि सरपटत निघाली. खाली पाणी काळं होतं, फळ्यांवरून पडून पांढरं होत होतं, आणि त्याचा गारठा तोंडावर येत होता. तिने डोळे मिटले. डोळे मिटून फळी दिसेना म्हणून उघडले. "आता उलटते, आता उलटते," ती म्हणत होती, काठावर ऐकू येईल इतक्या मोठ्याने, आणि फळ्या उचकायच्या लोखंडी आकडीने पहिली फळी खेचत होती. फळी निघाली. पाण्याचा आवाज बदलला.

"एकदम नको," काठावरून तिला बजावलं होतं तेच तिने स्वतःला सांगितलं. एकदम काढल्या तर लोंढा तळाचा गाळ ढवळून नेईल. एक फळी, मग मोजून शंभर, मग दुसरी. हे मोजणं तिने केलं. शंभर आकडे, पोटाखाली लोंढा, आणि पट्टी प्रत्येक आकड्याला जराशी वाकणारी. दुसरी फळी निघाली. पुन्हा शंभर. तिसरी फुगून खाचेत अडकली होती. तिने खेचली, हलली नाही. पुन्हा खेचली. आकडी सुटली आणि हिल्का एका कुशीवर कलंडली. एक पाय पाण्यात गेला, रबरी बूट क्षणात भरला आणि दगडासारखा ओढायला लागला. दोरी ताठ झाली. काठावर मार्ताच्या तोंडून शिवी आली, आमच्याकडे सापडणाऱ्यांपैकी सर्वांत सरळ.

"माघारी ये," रेइनो म्हणाला.

हिल्काने पायातून बूट ढिला केला, लोंढ्याने तो नेला. ती पुन्हा पोटावर आली. मोज्याचा पाय हवेत. तिसरी फळी तिने एका बाजूने उचकली, मग दुसऱ्या बाजूने, आणि ती निघाली.

पातळी उतरायला दीड तास लागला. त्या दीड तासात कोणी घरी गेलं नाही. हिल्का मार्ताच्या कोटात गुंडाळून भोकापाशी बसली होती आणि दर थोड्या वेळाने थर्मासचं झाकण भरून बघत होती. तळाशी वाळू. तळाशी वाळू. मग थोडी वाळू. सहाच्या सुमाराला तिने झाकण रेइनोकडे दिलं. त्याने ते उन्हाकडे धरून बघितलं.

"नितळ म्हणता येईल," तो म्हणाला. मग तिच्याकडे बघून, जड जीभ उचलावी तसा, "नितळ आहे."

बांध वाचला. अंडी वाचली की नाही, हे कोणाला सांगता येईना. ओढ्याच्या मुखाशी, तळ्यावरच्या बर्फात, तपकिरी डाग पडला होता, मोठ्या खळ्याएवढा, आणि त्याखालून किती गेलं होतं ते बर्फालाच ठाऊक. त्यानंतरचे अठरा दिवस हिल्का कशी जगली ते मार्ताला विचारा. ती रोज धक्क्यापर्यंत जायची, डागाकडे बघायची, परत यायची. अन्न नको, बोलणं नको. काही झालंच तर कळायला तळ्यावरचा बर्फ फुटायला हवा होता, आणि तोवर घाबरण्याशिवाय करण्यासारखं काहीच नव्हतं.

माझं मत म्हणाल तर अंडी गेली होती. मी हे दुकानात बोलून दाखवलं, तेही हिल्काच्या आवाजात, "गेली गं, सगळी गेली," असं हात चोळत, आणि टेबलाशी बसलेले हसायचे थांबले तेव्हा कळलं की ती मागे उभी आहे.

तिने ऐकून घेतलं. "आवाज बरा जमलाय," म्हणाली. "फक्त 'गेली' मी इतकी लांबवत नाही. पैज लावतेस?"

"तुम्ही तर नेहमी वाईटाच्या बाजूने असता."

"ती बाजू तू घेतलीस. मला दुसरी उरली." तिने हात खिशात घातले. "हरेल त्याने जुलैत गाळतळं उपसायचं. सात दिवस. डासांसकट."

मी हात पुढे केला.

सतरा मेला बर्फ फुटून वाऱ्याने पलीकडे गेला. रेइनो वल्ही मारत होता, हिल्का दोन्ही काठ घट्ट धरून बसली होती, आणि अर्धं गाव धक्क्यावर. चकती तेराव्या गाठीला दिसेनाशी झाली. शरदात अठरा होत्या. हिल्काने तो आकडा वहीत लिहिला आणि काही वेळ पेन्सिल तशीच धरून बसली. मग रेइनोने होडी लव्हाळ्यांच्या कडेला नेली, आणि तिने पांढरी बादली पाण्यात बुडवून वर घेतली. बघितली. ओतून दिली. पुन्हा बुडवली. असं सात-आठ वेळा झालं.

होडी धक्क्याला लागली तेव्हा तिने बादली माझ्यासमोर ठेवली. तांबूस पाणी, त्यात काही नाही. मग त्या पाण्यात दोन काळे ठिपके हलले, आणि ठिपक्यांच्या मागे नखाएवढा काचेचा धागा. मग आणखी दोन ठिपके. मी पाच जोड्या मोजल्या आणि थांबले.

"मुइक्कूची असू शकतील," रेइनो म्हणाला. "नसूही शकतील."

"मुइक्कूची आहेत," हिल्का म्हणाली.

जुलैत गाळतळ्याच्या उत्तरेच्या कोपऱ्यात गाळ माझ्या मांडीपर्यंत निघाला. सात दिवस पुरले नाहीत, नववा लागला.